हुंकारा

खानदेशात रात्री गोष्ट सांगायची तर एक अट असते. ऐकणाऱ्याने मध्ये मध्ये 'हूं' म्हणायचं. एक राजा होता. हूं. त्याला दोन राण्या होत्या. हूं. हा हूं थांबला की आजी थांबते. पोर झोपलं असेल किंवा त्याचं ध्यान उडालं असेल, दोन्ही वेळा गोष्टीला पुढे जायचं कारण उरत नाही. नंदुरबार तालुक्यातल्या कोरीटसारख्या गावात उन्हाळ्यात ओट्यावर, अंगणात गोधड्या पसरून झोपायची चाल होती, तेव्हा हुंकारा द्यायचं काम कुणातरी एका नातवाच्या गळ्यात पडायचं. मला हा शब्द फार नेमका वाटतो. होकार वेगळा आणि हुंकारा वेगळा. होकारात संमती असते. हुंकाऱ्यात 'मी जागा आहे, पुढे सांग' एवढंच असतं.

आघातातून सावरण्यासाठी माणसांना गटात बसवायचं आणि आपापली गोष्ट सांगू द्यायची, या उपचाराबद्दल हल्ली बरंच बोललं जातं. त्यात बहुतेक भर सांगणाऱ्यावर असतो: त्याने काय आठवायचं, कुठे थांबायचं, रडू आलं तर काय करायचं. माझं म्हणणं असं की गटात गोष्ट सांगून माणूस सावरतो की आणखी मोडतो, हे ऐकणाऱ्यांच्या हातात असतं. त्यांनी हुंकारा दिला की निवाडा, हा पहिला प्रश्न. ऐकून झाल्यावर ते उठून काय करतात, हा दुसरा. नंदुरबार जिल्ह्याने या प्रश्नांची चांगली आणि भयंकर अशी दोन्ही उत्तरं पाहिलेली आहेत, म्हणून मी इथलंच धरून बोलतो.

आधी शब्दांकडे पाहू. 'ट्रॉमा' हा शब्द नवा असला तरी त्या अवस्थेला मराठीत शब्दांचा तोटा नाही. माणूस धसका घेतो, हाय खातो. दुःख गिळतो, अपमान पचवतो, गोष्ट पोटात ठेवतो. बहुतेक क्रियापदं तोंडाची आणि पोटाची आहेत. म्हणजे आपल्या भाषेच्या समजुतीप्रमाणे जे घडलं ते आत गेलेलं आहे, आणि आत गेलेलं बाहेर काढायचं तर तोंडावाटेच. म्हणून आपण सांगतो, 'मन मोकळं कर, एकदा ओकून टाक.' व्हिएन्नात १८९५ साली ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी उन्मादावरचं पुस्तक काढलं, त्यातल्या पहिल्या रुग्ण बाईने आपल्या उपचाराला गमतीने धुराडं झाडण्याची उपमा दिली होती. ओकणं काय, धुराडं झाडणं काय, कल्पना तीच: आत साचलंय ते काढा, आतली जागा स्वच्छ होईल.

ही कल्पना अर्धीच खरी आहे, आणि अर्धं सत्य औषध म्हणून दिलं की अपाय होतो. १९८३ साली अमेरिकेत जेफ्री मिचेल यांनी आग विझवणारे जवान आणि रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी यांच्यासाठी एक पद्धत मांडली. भीषण प्रसंगानंतर काही दिवसांच्या आत सगळ्यांना गोलात बसवायचं आणि काय पाहिलं, काय वाटलं ते एकाच बैठकीत बोलून घ्यायचं. पुढे ती जगभर पसरली आणि ज्यांच्यासाठी ती नव्हतीच, अशा एकेकट्या रुग्णांवरही वापरली गेली. वेल्समध्ये भाजलेल्या रुग्णांवर एक काळजीपूर्वक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९९७ साली आले. तेरा महिन्यांनी पाहिलं तर ज्यांच्याशी अशी बैठक घेतली होती त्यांच्यापैकी २६ टक्के लोकांना आघातोत्तर विकार होता. ज्यांना नुसतं त्यांच्या वाटेने जाऊ दिलं होतं त्यांच्यात तो ९ टक्के होता. पुढे अशा अनेक चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या तेव्हाही एका बैठकीच्या या पद्धतीचा फायदा दिसला नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही ती वापरू नका असं सांगितलं. जखम ताजी असताना तिच्यात बोट घालून 'कुठं दुखतंय सांग' म्हणण्यासारखंच ते होतं. पूर आला, अपघात झाला, आश्रमशाळेत पोर दगावलं, की दुसऱ्या दिवशी गाडी भरून येणाऱ्या हितचिंतकांनी हे आकडे खिशात ठेवावेत.

मग गोष्ट नेमकं काय करते? आघाताची आठवण बाकीच्या आठवणींसारखी ओळीने लागत नाही, ती तुकड्यांनी येते. वास येतो, आवाज येतो, हात गार पडतात. तिला वर्ष नसतं, महिना नसतो. मराठीत सरलेल्या काळाला आपण भूतकाळ म्हणतो. धसका घेतलेल्या माणसापाशी तो काळ होत नाही, नुसतं भूत राहतं, केव्हाही समोर येऊन उभं. आणि गोष्टीचा कणा एका लहानशा शब्दाचा असतो: 'मग'. पाणी आलं, मग आम्ही वर पळालो, मग सकाळी खाली पाहिलं. हा 'मग' आघाताच्या आठवणीत नसतो, तो घालावा लागतो. जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठातल्या शाउअर, नॉयनर आणि एल्बर्ट यांनी निर्वासितांबरोबर काम करताना यासाठी एक साधी रीत घडवली. जमिनीवर दोरी अंथरायची. एक टोक जन्माचं. चांगल्या प्रसंगांवर फूल ठेवायचं, वाईटांवर दगड. मग सुरुवातीपासून एकेक दगड उचलून त्याची गोष्ट, आधी काय होतं आणि नंतर काय झालं यासकट, सांगायची. युगांडातल्या निर्वासित वसाहतींमध्ये ही रीत वापरली गेली. दोरी, फूल आणि दगड कोरीटमध्ये कुणाला विकत आणावे लागणार नाहीत. पण ही रीत एकेकट्यासाठी घडवलेली आहे. समोर ऐकणारा एक असतो, तोही शिकलेला.

गट आला की गोष्ट बदलते, कारण गटाबरोबर लाज येते. घर बुडालं याची लाज वाटत नाही. नवरा मारतो याची वाटते. पोर उपाशी गेलं याची वाटते, आणि आपण त्या वेळी काहीच करू शकलो नाही याची तर फारच. लाज ही चारचौघांत तयार होते आणि चारचौघांतच उतरते. बंद खोलीत एकट्या समुपदेशकाने 'यात तुमचा दोष नाही' असं शंभरदा म्हटलं तरी जे होत नाही, ते शेजारच्या बाईने 'मला पण' म्हटल्याने होऊन जातं. गटाचा उपयोग इथे आहे, खर्च वाचतो म्हणून नव्हे. मात्र जो गट लाज उतरवू शकतो, तो ती कपाळावर कोरूही शकतो.

सातपुड्याच्या पट्ट्यात डाकीण ठरवण्याचा प्रकार याच गोष्टीचा काळा चेहरा आहे. नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः वरच्या डोंगराळ तालुक्यांत, बायकांना डाकीण म्हणून मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढलं गेलं आहे, काहींचे जीव गेले आहेत. या प्रकाराकडे आपण अंधश्रद्धा म्हणून पाहतो, आणि ती आहेच. पण ती सुरू कुठे होते ते बघा. एखादं तान्हं बाळ जातं. आईबापाचं दुःख अनावर असतं आणि त्याला कारण मिळत नाही. दवाखाना लांब, डॉक्टरने काही सांगितलेलं नाही, किंवा त्याने सांगितलेलं कळलेलं नाही. माणसं जमतात. दुःख ऐकलं जातं. आणि मग कुणीतरी त्याला 'मग' जोडतो: ती परवा दारावरून गेली होती, तिने बाळाकडे टक लावून पाहिलं होतं. गोष्ट एकदम ओळीला लागते. सुरुवात, मध्य, शेवट, अपराधी. गटाला बरं वाटतं, आईबापालाही कदाचित घटकाभर वाटत असेल. एका घराचं दुःख दुसऱ्या घरावर टाकून सावरण्याचा हा सामूहिक उपचारच आहे, फक्त त्याची किंमत गावातली सर्वांत एकटी बाई चुकवते. बहुतेकदा विधवा, आणि पुष्कळदा तिच्या नावावर थोडी जमीन.

हे वाचून शहरातल्या वाचकाने सुस्कारा सोडू नये. लग्न होऊन वर्षाच्या आत नवरा गेला तर पुण्या-नाशकातल्या दिवाणखान्यांतही 'पांढऱ्या पायाची' हा शब्द अजून तोंडात येतो. गोष्ट तीच, सोफा फक्त वेगळा. २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला आणि असे आरोप करणाऱ्यांवर गुन्हा दाखल करता येऊ लागला. कायदा हवाच होता. पण कायदा आरोप करणाऱ्याला पकडतो. ज्या दुःखाला कारण सापडलं नव्हतं ते दुःख तसंच बसून राहतं, आणि पुढच्या वेळी दुसरं कारण शोधतं.

म्हणून गटसमुपदेशनाचा पहिला नियम मी असा करीन: ज्याची गोष्ट त्याची मालकी. काय घडलं ते सांगणाराच सांगेल आणि त्याचा अर्थही तोच लावेल. गटाला कारण सांगायचा अधिकार नाही, तोडगा सांगायचा नाही, 'देवाने वाचवलं म्हणायचं' असलं समाधान द्यायचाही नाही. हुंकारा देता येईल. आपली गोष्ट जोडता येईल. एवढंच. ऐकायला हा नियम फार सोपा वाटतो. चार माणसांत बसून अर्धा तास सल्ला न देता ऐकून दाखवा, विशेषतः आपण पुरुष असाल तर.

आता चांगलं उत्तर. तेही याच जिल्ह्यातलं, जिल्हा होण्याच्या आधीचं. नंदुरबार १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. त्याच्या पाव शतक आधी शहादा परिसरात भिल्ल भूमिहीनांची चळवळ उभी राहिली होती. अंबरसिंग सुरतवंती तिचे नेते. १९७२ साली श्रमिक संघटना स्थापन झाली. मुद्दे जमिनीचे, मजुरीचे, सालदारकीचे. दुष्काळाचे दिवस होते. त्या काळात बायकांची शिबिरं भरू लागली, आणि बायका तिथे बोलू लागल्या त्या दारूबद्दल आणि मारहाणीबद्दल. एक बोलली की दुसरी बोलायची. गेल ऑम्वेट आणि मारिया मीज यांच्यासारख्या अभ्यासकांनी या बायकांबद्दल लिहून ठेवलं आहे. बायका बोलून, रडून घरी गेल्या नाहीत. घोळक्याने गुत्त्यांवर गेल्या, दारूची मडकी फोडली, मारणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला.

त्या शिबिरांना कुणी समुपदेशन म्हटलं नाही. आजचा तज्ज्ञ कदाचित म्हणेल की तिथे गुप्तता नव्हती, शिकलेला संचालक नव्हता, पाठपुराव्याची नोंद नव्हती. खरं आहे. तरी समुपदेशनात जे घडावं अशी अपेक्षा असते ते तिथे घडलं. जी गोष्ट प्रत्येक बाई आपल्या नशिबाची म्हणून पोटात ठेवत होती, तीच शेजारणीच्या तोंडून आली, आणि नशिबाचा प्रश्न एकदम गुत्त्याचा आणि नवऱ्याचा झाला. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ जुडिथ हर्मन यांनी १९९२च्या आपल्या पुस्तकात सावरण्याचे तीन टप्पे सांगितले: आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक करणं, मग लोकांशी पुन्हा जोडलं जाणं. शहाद्याच्या बायकांनी हा क्रम उलटा केला. आधी जोडल्या गेल्या, जोडल्यामुळे बोलल्या, आणि सुरक्षितता शेवटी स्वतः जाऊन मिळवली, कारण ती आणून देणारं कुणी नव्हतं. पुस्तकातला क्रम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पण ज्या बाईला संध्याकाळी त्याच घरात परत जायचं आहे तिला 'आधी सुरक्षित व्हा' हे सांगण्यात काय अर्थ आहे?

इथे एक आक्षेप येतो, तो टाळता येण्यासारखा नाही. कार्यकर्ते म्हणतात, लोकांना जमीन हवी, मजुरी हवी, रेशन हवं. तुम्ही त्यांना गोल बसवून भावना विचारता. हे शमवण्याचं काम आहे. या आक्षेपाची सर्वांत कठीण कसोटी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आहे. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाने महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. त्यात मणिबेली सर्वांत आधी पाण्याखाली येऊ लागलं. नर्मदा पाणीतंटा लवादाचा निवाडा १९७९चा. धरणाची भिंत टप्प्याटप्प्याने वाढत गेली आणि शेवटी १३८.६८ मीटरवर पोचली, २०१७ साली. नव्वदच्या दशकापासून पावसाळा आला की पाणी चढायचं. कधी शेत, कधी घर, कधी नुसती वाट जायची. काहींना तळोद्याकडच्या वसाहतींमध्ये जमिनी मिळाल्या, काही 'घोषित' ठरले, काही 'अघोषित' राहिले. अघोषित हा सरकारी शब्द किती क्रूर आहे ते थांबून पाहावं. माणूस आहे, घर बुडालंय, पण ते कुणी घोषित केलेलं नाही.

आघाताच्या शास्त्रात 'आघातोत्तर' हा शब्द १९८० साली अमेरिकन निदानपुस्तिकेत आला. नर्मदाकाठी हा 'उत्तर' वर्षानुवर्षं आलाच नाही. पुढच्या जुलैत पुन्हा पाणी येणार असेल तर 'मग' कुठे लावायचा? आणि त्या लोकांना गोष्ट सांगायची संधी मिळाली नाही असंही नाही. त्यांनी ती सर्वेक्षणाला आलेल्यांना सांगितली, तहसीलदाराला, तक्रार निवारण प्राधिकरणाला, २००१ साली नेमलेल्या न्यायमूर्ती दाऊद समितीला, पत्रकारांना, संशोधकांना सांगितली. प्रत्येक वेळी सातबाऱ्यासारखी, पुराव्यानिशी, समोरच्याच्या रकान्यात बसेल अशी. हे सांगणं जबाब असतं, गोष्ट नसते. जबाबात माणसाने फक्त नुकसान सांगायचं असतं. तो कसा जगला, काय खाल्लं, कोणत्या झाडाखाली लग्न लागलं, पाणी चढताना त्याने काय शक्कल लढवली, यासाठी रकाना नसतो. हजार वेळा जबाब देणारा माणूस स्वतःच्याच नजरेत फक्त बाधित उरतो.

म्हणून नंदिनी ओझा यांचं काम मला या विषयात एखाद्या मानसोपचाराच्या ग्रंथाइतकं महत्त्वाचं वाटतं. नर्मदा बचाव आंदोलनात बरीच वर्षं काढल्यावर त्यांनी नर्मदा खोऱ्यातल्या लोकांचा मौखिक इतिहास ध्वनिमुद्रित केला. केशवभाऊ वसावे आणि केवलसिंग वसावे या दोन ज्येष्ठांच्या सांगण्यावर आधारलेलं 'लढा नर्मदेचा' हे पुस्तक त्यातून आलं. त्यात माणसं नुसती बुडालेली नाहीत. ती जंगल जाणतात, भांडतात, डाव आखतात, एकमेकांवर टीकाही करतात. कथनात्मक उपचारपद्धती मांडणारे ऑस्ट्रेलियाचे मायकेल व्हाइट यांचा मुख्य आग्रह हाच होता: आघाताच्या प्रत्येक गोष्टीत दोन गोष्टी असतात, एक माणसावर काय गुदरलं याची आणि दुसरी त्याने त्याला काय तोंड दिलं याची, आणि दुसरी विचारल्याशिवाय पहिली सांगायला लावू नये. ओझांनी ती दुसरी गोष्ट विचारली. तज्ज्ञ म्हणून नव्हे, इतिहास नोंदवायचा म्हणून. सांगणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर हा फरक मोठा आहे. माझ्यावर उपचार व्हावेत म्हणून मी बोलत नाही, माझ्याकडे असलेलं ज्ञान कुणालातरी हवं आहे म्हणून बोलतो.

तर कार्यकर्त्याच्या आक्षेपाला माझं उत्तर अर्धं होकाराचं आहे. जमिनीच्या जागी समुपदेशन देणं ही फसवणूक आहे आणि तसं कुणी करत असेल तर त्याला हाकलून द्यावं. पण जमीन मिळाल्यावरही रात्री दचकून उठणारी माणसं वसाहतींमध्ये असतात, आणि लढ्याच्या सभेत त्यांना बोलता येत नाही, कारण तिथे फक्त निर्धाराला टाळ्या पडतात. शहाद्याच्या शिबिरात गोष्ट आणि लढा एका जागी होते. दोघांची ताटातूट नंतर झाली, एक संस्थांकडे गेली आणि दुसरा संघटनांकडे.

ताटातूट न झालेलं एक उदाहरण मराठवाड्यातलं आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. पुढे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत घरं दुरुस्त करण्याच्या मोठ्या कार्यक्रमात गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' म्हणून नेमल्या गेल्या, स्वयम् शिक्षण प्रयोग ही संस्था त्यात होती. काम काय, तर अनुदान कसं मिळतं, भिंत भूकंपात टिकेल अशी कशी बांधायची, हे घरोघरी समजावून सांगायचं. मला त्यातला 'संवाद' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. ज्या घरात माणसं गेली तिथे भिंतीची गोष्ट काढली की रात्रीची गोष्ट निघणारच. हाताला काम असलं की जीभ सुटते, हे जात्यावर बसणाऱ्या बायकांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. खानदेशातल्याच बहिणाबाई चौधरी ऐन तारुण्यात विधवा झाल्या. त्यांची कविता कुठे मांडी ठोकून दुःख सांगायला बसली नव्हती, ती शेतात, जात्यापाशी, चुलीपाशी हात चालू असताना आली.

कोरीटमध्ये असा गट बसवायचा तर कुठे बसवाल? ग्रामपंचायतीच्या सभागृहात, सतरंजीवर, भिंतीवर पाटी लावून? एका गावात अशी बैठक मी पाहिली आहे. तरुण समुपदेशक मन लावून काम करणारी होती, पण हातात छापील तक्ता. एका म्हातारीला तिने विचारलं, 'आजी, एक ते दहामध्ये त्रास किती?' म्हातारी म्हणाली, 'कोनता? पायना का पोऱ्याना?' बैठकीत हशा पिकला आणि तक्ता तिथेच संपला. खरं तर बैठक तिथून सुरू व्हायला हवी होती. तिचा पोरगा कुठे होता, काय झालं होतं, हे विचारायला तक्त्यात जागा नव्हती.

भाषेचा मुद्दा वाटतो त्याहून खोल आहे. या भागात घरात अहिराणी असते, गुजरी असते, भिलोरी असते. मराठी ही शाळेची, पोलीस ठाण्याची आणि दवाखान्याची. त्या भाषेत माणूस आपोआप जबाब द्यायला लागतो. युगांडाच्या दक्षिण भागात नैराश्यासाठी गटउपचाराची एक चाचणी झाली, ती २००३ साली प्रसिद्ध झाली. तिथल्या संशोधकांनी आधी गावकऱ्यांना विचारलं की या दुःखाला तुम्ही काय म्हणता, आणि त्यांच्या शब्दांतून निदान बांधलं. गट चालवणारे स्थानिक, त्याच भाषेचे, मानसोपचाराची पदवी नसलेले. बायकांचे गट वेगळे, पुरुषांचे वेगळे. आठवड्यातून एकदा, सोळा आठवडे. शेवटी उपचार मिळालेल्या गावांत साडेसहा टक्के लोक तीव्र नैराश्याच्या व्याख्येत उरले, बाकीच्या गावांत सुमारे ५५ टक्के. नैराश्य आणि आघात एकच नव्हेत, हे मान्य. पण एका बैठकीचा तो खेळ आणि ही सोळा आठवड्यांची चिकाटी शेजारी ठेवली की काय हवं ते दिसतं.

पुरुषांचं काय, हा प्रश्न मला जास्त छळतो. बायकांकडे निदान दारवर जायची रीत आहे. कुणी वारलं की त्या दारवर जातात, गळ्यात पडतात, हेल काढून रडतात, आणि त्या रडण्यात गेलेल्या माणसाची सगळी हकिकत येते. पुरुष बाहेर बसतात, तंबाखू मळतात, पावसापाण्याचं बोलतात. त्यांचा एकच मान्य गट म्हणजे गुत्ता. म्हणून पुरुषांच्या सांगण्याबद्दल महाराष्ट्रात काही शिकायचं असेल तर पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राकडे बघावं लागतं. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली ते सुरू केलं. तिथे रुग्ण गटात आपली गोष्ट सांगतात, बरे झालेलेच पुढे समुपदेशक होतात, आणि व्यसनी माणसांच्या बायकांचा 'सहचरी' नावाचा वेगळा गट असतो. व्यसनमुक्तीच्या गटांनी एक गोष्ट फार शहाणपणाने ओळखली: ऐकणाऱ्याकडे पदवी असण्यापेक्षा त्याने तोच खड्डा पाहिलेला असणं जास्त कामाचं. हुंकारा खोटा की खरा, हे सांगणाऱ्याला अंधारातही कळतं.

गुप्ततेचं मात्र अवघड आहे. शहरातला गट अनोळखी माणसांचा असतो, बैठक संपली की प्रत्येकजण आपल्या बसने जातो. गावात गटातली बाई तुमची जाऊ असते, तिची सासू तुमच्या सासूची मैत्रीण. 'इथलं इथेच राहील' अशी शपथ घालून काही होत नाही. माझ्या मते त्यावर एकच व्यवहारी उपाय आहे. प्रत्येकीने आपल्या गोष्टीतला तेवढाच भाग गटात आणायचा जो उद्या पाणवठ्यावर ऐकू आला तरी चालेल, आणि बाकीचा एकीलाच सांगायचा किंवा गावाबाहेरच्या कुणाला. ऑक्टोबर २०२२पासून १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक आहे, त्याचा उपयोग अशा उरलेल्या भागासाठी होऊ शकतो. फोनवर तर हुंकाऱ्याची किंमत आणखी कळते. समोरून दोन वाक्यं 'हूं' आला नाही की आपण विचारतो, ऐकू येतंय ना?

आणि जागा. सभागृह नको. नंदुरबार हा लाल मिरचीचा मुलूख आहे. हंगामात शहराच्या आसपास पथाऱ्यांवर मिरची पसरलेली असते, लांबून जमीन पेटल्यासारखी दिसते, आणि गावोगावच्या बायका तिथे रोजाने बसून देठ खुडतात. दिवसभर एकीला लागून एक. मुकादम लांब असतो, कुणाला मान वर करून कुणाकडे बघावं लागत नाही. बोटं चालू असतात आणि मधूनच कुणीतरी काही बोलतं, पुढची 'हूं' म्हणते. नाकाला पदर बांधलेला असतो, त्यामुळे कोण बोलली ते लांबच्याला कळतही नाही. आणि तिथे एखादीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तर कुणी कारण विचारत नाही. सगळ्यांच्याच डोळ्यांतून वाहत असतं.